सनद आणि परवाना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर वडिलांची पत्र्याची एक पेटी आहे, आणि त्या पेटीत, तांबड्या रुमालात एकत्र बांधलेले, दोन कागद आहेत. पहिला मोडीतील, शिंदे दरबाराने माझ्या पणजोबांना भितरवारकडील काही जमीन इनाम दिल्याची ती सनद. कागद हातबनावटीचा, कडा वाळवीने खाल्लेल्या, शिक्का इतका पुसट झालेला की तो वाचण्यापेक्षा बोटाला जाणवतो. दुसरा कागद 1965 सालचा, करड्या रंगाचा, टंकलिखित. पावसाळ्यात ढासळलेली मागील भिंत उभारण्यासाठी दहा पोती सिमेंट विकत घेण्याचा तो परवाना. या परवान्याच्या पाठीवर वडिलांनी पेन्सिलीने नऊ तारखा लिहून ठेवल्या आहेत. त्या त्या दिवशी ते कचेरीत गेले, कारकून जागेवर नव्हता, किंवा होता पण साहेबांची सही व्हायची होती, किंवा सही झाली पण नोंदवही दुसऱ्या खोलीत होती. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घराची, स्वतःची भिंत बांधण्यासाठी नऊ वेळा हात जोडावे लागले, याचा सल त्यांच्या मनातून मरेपर्यंत गेला नाही. आणि 1967 च्या निवडणुकीत आमच्या घरी चांदणीच्या चिन्हाविषयी जी आस्था होती तिचे मूळ या नऊ तारखांत होते, असे मला आज वाटते.

चांदणी हे स्वतंत्र पक्षाचे चिन्ह. आज त्या पक्षाचे नाव काढले तर तरुण मंडळी बुचकळ्यात पडतात; परंतु व्यक्तीचे स्वातंत्र्य हेच राजकारणाचे आद्य व अंतिम प्रयोजन मानणारी जी विचारसरणी पाश्चात्य देशांत गेली कित्येक दशके चर्चिली जात आहे, आणि जिला आपण मराठीत स्वातंत्र्यवाद म्हणू, तिला भारतीय संसदेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर बसायला जागा मिळाली ती या एकाच पक्षाच्या रूपाने. या विचारसरणीचे मूळ सूत्र समजायला अवघड नाही. माणसाचा देह त्याचा, त्याचे श्रम त्याचे, आणि त्या श्रमांतून अथवा राजीखुशीच्या व्यवहारातून त्याने मिळविलेली मालमत्ताही त्याची. दुसऱ्यावर बळजबरी अथवा दुसऱ्याची फसवणूक न करता तो जे जे करील त्यात हात घालण्याचा अधिकार कोणालाही, बहुमताच्या सरकारलासुद्धा, पोचत नाही. आणि म्हणून सरकारने चोरापासून रक्षण करावे, करारमदार पाळले जातील हे पाहावे, सीमा सांभाळावी आणि एरवी रयतेच्या वाटेतून बाजूला व्हावे. उदारमतवादाशी स्वातंत्र्यवादाचे नाते सख्ख्या भावाचे असले तरी उदारमतवादी ज्या ठिकाणी तडजोड करतो त्या ठिकाणी स्वातंत्र्यवादी थांबत नाही, हा दोघांतील भेद.

1959 च्या जानेवारीत नागपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला, आणि शेतकऱ्याच्या बांधाची जमीन आता सामुदायिक मालकीच्या कढईत जाणार या भयाने देशातील एक मोठा वर्ग अस्वस्थ झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला घोषणा होऊन ऑगस्टमध्ये मुंबईच्या परिषदेत स्वतंत्र पक्ष आकाराला आला. चक्रवर्ती राजगोपालाचारी तथा राजाजी त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर-जनरलपद भूषवून झाले होते, मिळवायचे काही उरले नव्हते, आणि अशा वयात आपल्या आयुष्यभराच्या सहकाऱ्यांविरुद्ध पक्ष काढण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. मिनू मसानी, आंध्रातील शेतकरी पुढारी आचार्य रंगा, कन्हैयालाल मुनशी ही मंडळी त्यांच्याबरोबर आली. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला, आणि तो रूढ झाला याचे कारण तो कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. लग्नाच्या साखरेसाठी, भिंतीच्या सिमेंटसाठी परवान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक गृहस्थाला त्याचा अर्थ आपोआप कळत होता.

या विचाराचे आकर्षण केवळ धनिकांना वाटते, असे जे सर्रास म्हटले जाते ते मला मान्य नाही. परवान्याचा जाच धनिकाला सर्वांत कमी होतो. 1967 च्या सुमारास मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक आर. के. हजारी यांनी औद्योगिक परवान्यांची छाननी करून सरकारला जो अहवाल दिला त्यात हेच उघड झाले की, मोठ्या उद्योगघराण्यांनी, आणि त्यांत बिर्लांच्या घराण्याने विशेषेकरून, ढीगभर परवाने आधीच मागून घेऊन इतरांची वाट अडवून ठेवली होती. लहानांच्या रक्षणार्थ बांधलेली भिंत लहानांनाच बाहेर ठेवू लागली. महाराष्ट्राने तर याचा पुढचा अंक पाहिला. सिमेंटच्या वाटपाचा अधिकार सरकारच्या हाती होता, त्या वाटपाचा व मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडून दाखविला, आणि 1982 च्या जानेवारीत अंतुल्यांना पद सोडावे लागले. लगेच पुढच्या महिन्यात केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले. वडील तेव्हा हयात होते. ती बातमी वाचून त्यांनी पेटीतला तो करडा कागद काढून बराच वेळ हातात धरलेला मी पाहिला आहे.

परंतु स्वतंत्र पक्ष ग्वाल्हेरच्या मुलखात कसा आला, हे सांगितल्यावाचून या विचाराची दुसरी बाजू उमगणार नाही. राजमाता विजयाराजे शिंदे 1957 साली गुण्याहून आणि 1962 साली ग्वाल्हेरहून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेल्या होत्या. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्रांशी त्यांचे बिनसले आणि 1967 च्या निवडणुकीत त्यांनी एकाच वेळी दोन पक्षांचे निशाण हाती घेतले: विधानसभेसाठी शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथे जनसंघाचे, आणि लोकसभेसाठी गुण्यात स्वतंत्र पक्षाचे. दोन्ही जागा त्यांनी जिंकल्या. राज्याच्या राजकारणासाठी लोकसभेची जागा सोडली आणि मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळून गोविंद नारायण सिंहांचे संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. गुण्याच्या रिकाम्या जागेवर स्वतंत्र पक्षाच्या पाठबळाने निवडून आले आचार्य कृपलानी, जे देश स्वतंत्र झाला त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ज्यांचे सारे आयुष्य गांधीजींच्या सावलीत गेले होते. त्या निवडणुकीत देशभर स्वतंत्र पक्षाला 44 जागा मिळून तो लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. पण त्या 44 जागांच्या पाठीशी कोण उभे होते? जयपुरात महाराणी गायत्रीदेवी, ओरिसात पाटणा संस्थानचे राजे राजेंद्र नारायण सिंहदेव, बिहारमध्ये पूर्वी रामगढचे राजे, आणि आमच्याकडे राजवाडा. गुण्याच्या किती मतदारांनी राजाजींची एकवीस सूत्रे वाचली होती, आणि किती जणांनी सरकारवाड्याचे मत म्हणून चांदणीवर शिक्का मारला, हा प्रश्न त्या वेळीही कोणाला पडला नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते.

तनख्यांचा प्रश्न निघाला तेव्हा हे सारे ऐरणीवर आले. संस्थाने विलीन करताना संस्थानिकांना सालिना तनखा देण्याचे वचन सरकारने संविधानात लिहून दिले होते. ग्वाल्हेरचा तनखा 25 लक्ष रुपयांचा ठरला होता. हे करार ज्यांनी गावोगाव फिरून घडवून आणले ते व्ही. पी. मेनन पुढे स्वतंत्र पक्षातच आले, यात मला एक सुसंगती दिसते: दिलेला शब्द पाळला जावा ही त्या माणसाची तळमळ होती. 1970 च्या सप्टेंबरात तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत दोनतृतीयांश मतांना अगदी थोडक्यात मुकले. आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव जिवाजीराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले. नानी पालखीवाला यांनी बाजू मांडली, आणि 15 डिसेंबर 1970 रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील न्यायपीठाने तो आदेश अवैध ठरविला. सरकारने वर्षभरात संविधानाची सव्विसावी दुरुस्ती करून तनखे संपविले. दरम्यान 1971 च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आठ जागांवर आला होता, आणि 1974 साली तो चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विसर्जित झाला.

या खटल्यात न्यायालयाने योग्य तेच केले, असे माझे मत आहे. संसदेत हरलेला डाव हुकुमाने जिंकता येत नाही, आणि आज महाराजांचा करार मोडता आला तर उद्या बटाईदाराचा मोडणे किती सोपे जाईल, हे पालखीवालांसारख्यांना दिसत होते. पण याच ठिकाणी मला पेटीतला पहिला कागद आठवतो. परवाना हा माझ्या वडिलांवरील अन्याय होता, परंतु सनद? पणजोबांना ती जमीन कोणत्या श्रमांच्या मोबदल्यात मिळाली होती? त्यांनी तिथे एक तास नांगर धरला नव्हता. दरबाराने एका शिक्क्यासरशी गावकऱ्यांच्या कसत्या जमिनीवरचा हक्क आमच्या घराण्याला बहाल केला, आणि पुढे तीन पिढ्या कसणाऱ्याने पिकाचा हिस्सा आमच्या दारी आणून घातला. 1951 साली मध्य भारत सरकारने जमीनदारी व जहागिरी कायद्याने खालसा केल्या, तेव्हा आमच्या घरी सुतक पडल्यासारखे झाले होते, असे आत्या सांगत असे. त्या सुतकाला आणि नऊ तारखांच्या संतापाला वडिलांनी एकाच रुमालात बांधून ठेवले. स्वतंत्र पक्षानेही नेमके तेच केले, आणि त्याचा पराभव, माझ्या समजुतीप्रमाणे, तिथे सुरू झाला.

स्वातंत्र्यवादाच्या मोठ्या पंडितांना ही अडचण दिसत नव्हती असे नाही. अमेरिकन तत्त्ववेत्ता रॉबर्ट नोझिक याने 1974 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात किमान सरकारचा पक्ष अत्यंत कौशल्याने मांडला. पण मालमत्ता न्याय्य ठरायची तर ती मुळात न्याय्य मार्गाने आलेली असली पाहिजे, आणि आली नसेल तर त्या अन्यायाचे परिमार्जन झाले पाहिजे, हे त्यालाही मान्य करावे लागले. परिमार्जन कसे करायचे, हे मात्र त्याने फारसे सांगितले नाही. आणि ज्या देशात जमिनीचा जवळजवळ प्रत्येक जुना कागद कोणत्या ना कोणत्या सनदेपाशी, वतनापाशी, किंवा जातीच्या वहिवाटीपाशी जाऊन थांबतो, त्या देशात तर तेच प्रकरण सर्वांत मोठे व्हायला हवे. महूच्या छावणीत जन्मलेल्या डॉक्टर आंबेडकरांनी 1947 साली संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने जे प्रसिद्ध आहे, त्यात त्यांनी हाच प्रश्न रोखठोक विचारला होता. सरकार मागे हटले तर स्वातंत्र्य उरते असे म्हणतात. पण ते स्वातंत्र्य कोणाचे? जमीनदाराला खंड वाढविण्याचे, कारखानदाराला कामाचे तास वाढविण्याचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. या प्रश्नाला स्वतंत्र पक्षाकडे उत्तर नव्हते.

मराठी विचारपरंपरेला तर हे अधिकच ठाऊक असायला हवे होते. 1888 साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी मिल्ल आणि स्पेन्सर वाचले, पचविले, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा तो सारा दारूगोळा त्यांनी रूढी, कर्मकांड, सोवळेओवळे आणि केशवपन यांच्यावर डागला. माणसाच्या गळ्याभोवतीचा हात नेहमीच सरकारचा असतो असे नाही, शेजाऱ्यांचा, भाऊबंदांचा, जातीच्या पंचांचाही असतो, हे त्यांना कळले होते. राजाजींच्या पक्षात ही दृष्टी क्षीण होती. सरकारी दफ्तराबाहेरची बळजबरी तिला अंधूकच दिसत असे.

ती दृष्टी काही अंशी परत आली ती शरद जोशींबरोबर. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत मोठ्या पगारावर असलेला हा माणूस नोकरी सोडून परतला, चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागला, आणि जमाखर्च मांडताच त्याच्या ध्यानात आले की शेतकरी आळसाने किंवा अज्ञानाने गरीब नाही. निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, एकाधिकार खरेदी अशा मार्गांनी त्याच्या मालाचा भाव पाडला जातो म्हणून तो गरीब आहे. चाकणच्या कांद्यापासून 1978 साली सुरू झालेली ही चळवळ 1980 मध्ये नाशिकच्या रस्त्यांवर आली. जे तत्त्वज्ञान राजवाड्याच्या सज्जात उभे होते ते प्रथमच कांद्याच्या गाडीवर बसले. आणि त्याच माणसाने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरविले, पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेने हजारो शेतकऱ्यांना स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करायला लावली. सरकारला दूर सर म्हणणाऱ्याने नवऱ्यालाही सांगावे की तुझ्या घरातही एक सत्ता आहे, ती सोड. ही आगरकरांच्या वाटेवरची गोष्ट होती. जोशींच्या विचारांतले मला जर काही सर्वांत मोठे वाटत असेल तर ते हे.

त्यांनीही 1994 साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, आणि तोही मतपेटीत रुजला नाही. लाखोंच्या संख्येने रस्त्यावर बसणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी जात आणि पाव्हणेरावळे पाहत असे, हे एक कारण. पण दुसरे कारण विचारातच होते. भाव वाढला की शेतमालकाला मिळेल आणि त्यातून मजुरीही वाढेल, हे गणित ज्याच्याजवळ विकायला कांदाही नाही, फक्त दोन हात आहेत, त्याला उद्याचे वाटे, आजचे वाटत नसे. एक गोष्ट मात्र या विचाराच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 साली घातलेल्या कलम 29 अ प्रमाणे राजकीय पक्षाला नोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा लेखी द्यावी लागते. ज्याचा समाजवादावर विश्वास नाही त्याने एकतर खोटी शपथ घ्यावी किंवा निवडणुकीपासून दूर राहावे, ही सक्ती लोकशाहीला शोभणारी नाही. स्वतंत्र पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात, आणि जोशींनी राज्यसभेत, तिच्याविरुद्ध आवाज उठविला, आणि ते दोघेही बरोबर होते.

ग्वाल्हेरात राहून सरकारविषयी सरसकट तिरस्कार बाळगणे मला जमत नाही, याचे कारण आमच्या नळाला येणारे पाणी. ते तिघऱ्याच्या धरणातून येते. शिंदे घराण्यातील माधो महाराजांच्या कारकिर्दीत ते धरण उभे राहिले, विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसविलेल्या स्वयंचलित दारांसारखी दारे त्याला बसविली गेली, आणि 1917 च्या ऑगस्टात ते फुटून खालच्या गावांवर अनर्थ कोसळला. मग ते पुन्हा बांधले गेले. राज्यसत्तेची चूक किती महाग पडते, आणि राज्यसत्तेवाचून काय होत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका बांधात आहेत. चंबळेच्या कालव्यांनी मुरैना-भिंडच्या शेतात जी सरसों फुलते ती कोणत्या व्यापाऱ्याने स्वखुशीने फुलविली असती? इतकेच काय, आमच्या व्यापारी मेळ्याची सुरुवात 1905 साली दरबारानेच केली, आणि जियाजीराव कॉटन मिल दरबाराच्या प्रोत्साहनानेच आली. सरकार मागे हटले की उद्योग आपोआप उगवतो, या सिद्धान्ताला निदान या शहराचा इतिहास दुजोरा देत नाही.

आणि बाजार मोकळा करायचा तर करार पाळायला लावणारे न्यायालय आधी दाराशी हवे. 2020 साली केंद्राने जे तीन कृषी कायदे केले त्यांतील बाजार समितीबाहेरच्या विक्रीची मुभा ही जोशींच्या शेतकरी संघटनेची जुनी मागणी होती. त्याच हिवाळ्यात मध्य प्रदेशात, हरदा-देवासच्या भागात, बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याने माल उचलून पैसे बुडविल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. कायदा काय म्हणत होता? दिवाणी न्यायालयात जाऊ नका, एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, अर्ज करा. स्वातंत्र्याच्या नावाने केलेल्या कायद्याने शेतकऱ्याला पुन्हा त्याच कचेरीच्या दारात उभे केले, जिथे माझे वडील नऊ वेळा उभे होते. 2021 च्या नोव्हेंबरात ते कायदे मागे घेतले गेले. पण दिवाणी दावा दोन वर्षांत निकाली निघेल अशी व्यवस्था उभारण्याचा आग्रह, त्या कायद्यांच्या समर्थकांनी धरला नाही आणि विरोधकांनीही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

महाराज बाड्याच्या चौकात, घंटाघराच्या अंगाला, मोज्या-रुमालांची हातगाडी लावणारा एक तरुण आहे. भितरवारकडच्या आमच्या इनामी जमिनीवर त्याचा पणजा बटाईने राबत असे. 1951 नंतर ती जमीन त्यांच्या नावे झाली, आणि तीन पिढ्यांच्या वाटण्यांत ती इतकी लहान झाली की हा शहरात आला. मला तो काकासाहेब म्हणतो, आणि हे नाते आम्हा दोघांनाही ठाऊक असले तरी आम्ही त्याविषयी कधी बोललेलो नाही. गाडी उचलून नेली जाण्याचे भय त्याला रोजचे असे; मोजे विकण्याआधी कोणाकोणाच्या हातावर काय ठेवावे लागे ते त्याने मला एकदा हिशेबाने सांगितले होते, आणि तो हिशेब ऐकताना राजाजींचा प्रत्येक शब्द मला खरा वाटला होता. गेल्या दिवाळीच्या आधी मी गेलो तर गाडीच्या दांडीला, हनुमानाच्या तसबिरीशेजारी, पारदर्शक कापडात शिवलेला एक कागद लटकत होता. 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालील विक्रीचे प्रमाणपत्र. त्याचा फोटो, क्रमांक, शिक्का. किती खेपा घातल्यास, असे मी विचारले. त्याने बोटांवर मोजले आणि हसून म्हणाला, मोजणे सोडून दिले. पण आता कोणी गाडीला हात लावला तर हा दाखवता येतो. मग त्याने बाहीने त्या कापडावरची धूळ पुसली, आणि मला माझ्या मापाचे लोकरी मोजे काढून दिले.